निवासी डॉक्टरांच्या शिक्षणाला ‘दुसरी बैठक’ हवी

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी तक्रार केली होती की, आजकालचे तरुण डॉक्टर रुग्णाच्या अंगाला हात लावण्याआधी तपासण्यांची यादी हातात ठेवतात आणि अहवाल आले की रुग्णाकडे न पाहता कागदाकडे पाहून बोलतात. तक्रार खोटी नाही. पण तिचा सगळा भार त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलामुलींवर टाकणे मला पटत नाही. एमबीबीएस होऊन एमडी-एमएस करणाऱ्या या निवासी डॉक्टरांना तीन वर्षांत आपण शिकवतो कसे, हा प्रश्न त्या तक्रारीच्या मुळाशी आहे आणि त्याची चर्चा वैद्यकीय वर्तुळाबाहेरही व्हायला हवी, कारण त्याचे बरेवाईट शेवटी खाटेवरच्या माणसालाच भोगावे लागते.

मी स्वतः मेडिसिनचा डॉक्टर. १९९१ पासून फोंडा तालुक्यात दवाखाना चालवला आणि आता दोन वर्षांपासून घरी आहे. माझे पदव्युत्तर शिक्षण गोव्याबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयात झाले. तिथली एक गोष्ट आजवर मी चारचौघांत सांगितलेली नाही, ती इथे सांगतो.

१९८९ साली मी दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट असताना साठीच्या घरातली एक बाई रात्री दाखल झाली. रक्तदाबासाठी ती लघवी वाढवणारी गोळी घेत होती. आठवडाभर जेवण कमी, दोन दिवसांपासून असंबद्ध बोलणे. रक्तातील सोडियम १०८, म्हणजे धोकादायक इतके कमी. असे सोडियम हळूहळू वाढवावे लागते, एवढे मला पाठ होते. सूत्र मांडले, खारट सलाईनचा वेग ठरवला, सकाळपर्यंत सोडियम ११६ व्हावे असा हिशेब केला आणि पुढच्या पेशंटकडे गेलो. सकाळी अहवाल आला तो १२४. बाई शुद्धीवर आली होती, मुलाला ओळखत होती, आणि आम्ही सगळे खूष होतो. राऊंडला सरांनी आकडा पाहिला, “हळू वाढवायचं सांगितलं होतं ना?” एवढेच म्हणाले आणि राऊंड पुढच्या खाटेकडे सरकला. चौथ्या दिवशी बाईचे बोलणे जड झाले, पाणी गिळताना ठसका लागू लागला, हातपाय ताठरले. सोडियम भराभर वाढल्याने मेंदूच्या देठातील मज्जातंतूंवरचे आवरण उतरते, तोच हा प्रकार होता. काही महिन्यांनी ती थोडीफार सावरली, पण तिचे पूर्वीचे बोलणे परत आले नाही.

त्या प्रसंगातून मी काय शिकलो? प्रामाणिकपणे सांगायचे तर बोलणी खायची नाहीत, एवढेच. खरा प्रश्न त्या दिवशी वॉर्डात उघडा पडला होता आणि तो कोणी उचललाच नाही. हिशेबाने ११६ यायला हवे होते, मग १२४ आले कसे? याचे उत्तर मला कित्येक वर्षांनी, दवाखान्यात दुपारी पेशंट नसताना वाचत बसलो असता मिळाले. ती गोळी बंद होताच आणि शरीरातील पाण्या-मिठाची तूट भरून येताच बाईचे मूत्रपिंड अडवून ठेवलेले पाणी स्वतःहून बाहेर टाकू लागले होते. सोडियम माझ्या सलाईनने जेवढे वाढत होते, त्याहून अधिक तिच्या लघवीने वाढत होते. माझ्या सूत्रात लघवीला जागाच नव्हती. रात्री तिची लघवी तासातासाला मोजली असती आणि सोडियम दर चार तासांनी पाहिले असते, तर मध्यरात्रीच हात आवरता आला असता. हा शोध लावायला फार मोठी बुद्धी लागत नाही. लागते ती “असे का झाले?” हे फळ्यावर लिहून चार जणांनी दोन दिवस वाचून यावे आणि पुन्हा एकत्र बसावे, एवढी सोय. ती तेव्हा नव्हती आणि बऱ्याच ठिकाणी आजही नाही.

समस्याधारित अध्ययन, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला पीबीएल म्हणतात ती पद्धत, ही सोय करून देते. कॅनडातील हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली, तिच्यापासून या पद्धतीचा आरंभ मानतात. हॉवर्ड बॅरोज हे मेंदूविकारतज्ज्ञ तिचे मोठे पुरस्कर्ते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे १९७४ साली सुरू झालेल्या वैद्यकीय विद्याशाखेने तिला सात पायऱ्यांची शिस्त लावली आणि १९८५ साली हार्वर्डनेही आपल्या अभ्यासक्रमात तिला स्थान दिले. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात लहान गटांतील शिक्षण आणि स्वयंअध्ययन यांना जागा आहे. पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांतही सेमिनार, जर्नल क्लब (संशोधन-लेखांची चर्चा), लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) हे सारे आहे. कागदावर कशाचीच वाण नाही.

अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे कोणत्याही केस प्रेझेंटेशनला पीबीएल म्हणण्याची प्रथा पडली आहे. एक रेसिडेंट आदल्या रात्री जागून पन्नास स्लाइड तयार करतो, निदान त्याला आधीच ठाऊक असते, तो ते शेवटच्या स्लाइडपर्यंत झाकून ठेवतो, बाकीचे निम्मे पेंगतात, निम्मे मोबाइल पाहतात, आणि शेवटी प्राध्यापक तीन प्रश्न विचारून त्याची भंबेरी उडवतात. यात समस्या कुठे आहे? उत्तर आधी आणि प्रश्न मागून, अशी ही उलटी वरात. खऱ्या पद्धतीत समस्या आधी येते, तीही अर्धवट माहितीसह. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे गट स्वतः ठरवतो, वाचायला जातो, आणि दोन-चार दिवसांनी परत येऊन मिळालेले ज्ञान त्याच रुग्णावर लावून पाहतो. माझ्या मते या पद्धतीचा सगळा जीव त्या दुसऱ्या बैठकीत आहे. पहिली बैठक कोणीही घेईल. वॉर्डात ती रोज आपोआप होतच असते. दुसरी मात्र कुणीच घेत नाही.

हे मी नुसत्या वाचनाच्या बळावर लिहीत नाही. आमच्या शेजारची मुलगी मेडिसिनमध्ये एमडी करते. तिच्या रुग्णालयाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. तिच्याशी बोलता बोलता ठरले आणि गेल्या उन्हाळ्यात ती व तिच्या बरोबरीचे चार जण लागोपाठचे दोन रविवार आमच्या ओसरीवर येऊन बसले. पाचांपैकी दोघे गोव्याचे, एक केरळचा, एक राजस्थानचा, एक कर्नाटकातली. मी त्यांच्यापुढे हाताने लिहिलेला एक कागद ठेवला: मार्च महिना. सत्तरी तालुक्यातील बेचाळीस वर्षांची स्त्री, काजूच्या बागेत बोंडू वेचण्याच्या कामावर. “चार दिस जोर आसा” अशी तक्रार. अंगदुखी, डोकेदुखी, कालपासून हिरड्यांतून रक्त. ताप १०३, नाडी ८४, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट ६८,०००.

पहिला अडथळा आला तो ‘जोर’ या शब्दाचा. राजस्थानच्या मुलाने अगदी निरागसपणे विचारले, “ताकद आहे म्हणते, मग तक्रार कसली?” कोकणीत जोर म्हणजे ताप, हे कळल्यावर सगळे हसले, पण गोव्यात दीड वर्ष काढलेल्या डॉक्टरला हा शब्द नवा असावा, हे मला हसण्यासारखे वाटले नाही. यात त्याचा काय दोष? त्याच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक केसपेपरवर इंग्रजीत ‘फिव्हर’ असे भाषांतर होऊनच येते.

मग कोणीतरी अपेक्षेप्रमाणे म्हणाले, “डेंग्यू. रक्ताची एनएस-वन चाचणी पाठवू, प्लेटलेट रोज पाहू.” मी गप्प राहिलो. हे लिहायला सोपे आहे, करायला फार अवघड. पस्तीस वर्षे उत्तरे देऊन पोट भरलेल्या माणसाला उत्तर जिभेवर असताना तोंड मिटून बसणे म्हणजे शिक्षाच, आणि ही पद्धत आपल्याकडे रुजत नाही याचे मोठे कारण शिक्षकाचा हा जिभेचा चाळा आहे, असे माझे मत झाले आहे. दोन-तीन मिनिटे शांततेत गेली. मग कर्नाटकातली मुलगी हळूच म्हणाली, “ताप १०३ आणि नाडी ८४ कशी?” इतक्या तापाला नाडी शंभराच्या बरीच वर हवी. ती का नाही, हे पाचांपैकी एकालाही सांगता येईना. तो फळ्यावरचा पहिला प्रश्न झाला. पाठोपाठ बाकीचे आले. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही एकदम खाली आणणारे ताप कोणते? कोणती चाचणी कितव्या दिवशी खरे बोलते? काजूच्या बागेत माणसाला काय काय चावते? आणि अहवाल येईपर्यंत थांबायचे की काही सुरू करायचे?

मुलांनी सवयीप्रमाणे प्रश्न वाटून घ्यायला सुरुवात केली. एक तुझा, एक माझा. तिथे मात्र मी बोललो. प्रश्न वाटले की त्याचा सेमिनार होतो: प्रत्येकाला आपला तुकडा येतो आणि दुसऱ्याच्या तुकड्यावर वाद घालण्याची कोणाची प्राज्ञा नसते. पाचही प्रश्न पाचही जणांनी वाचायचे, असे ठरले. थोडी कुरकुर झाली.

पुढच्या रविवारी ती ओसरी ओळखू येत नव्हती. केरळच्या मुलाने त्या मंद नाडीवरून माकडतापाचा विषय काढला. १९५७ साली कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात हा विषाणू प्रथम सापडला, गोचिडींमार्फत पसरतो, माकडे मरू लागली की धोक्याची घंटा समजायची, आणि २०१५ साली तो आपल्या सत्तरीतील पाली गावापर्यंत पोहोचला, हे सगळे तो शोधून आला होता. सत्तरीपासून तासाभराच्या अंतरावर वाढलेल्या आमच्या शेजारणीला पालीचे ठाऊक नव्हते आणि ते तिला चांगलेच लागले. चौथ्या दिवशी रक्तात विषाणू सापडण्याची शक्यता अधिक, प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी मात्र इतक्या लवकर फसवू शकते. म्हणून आज पीसीआर, म्हणजे विषाणू शोधणारी चाचणी, आणि गरज पडल्यास काही दिवसांनी प्रतिपिंडे, असा क्रम त्यांनीच लावला. गोव्याची दुसरी मुलगी अडून बसली. मार्च असला तरी स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) आणि लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) यांचा विचार सोडून कसे चालेल? काख, जांघ, स्तनांखालची घडी या जागा उघडून त्या चाव्याची काळी खपली शोधलीच पाहिजे आणि ती सापडली नाही तरी अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करावे, कारण या दोन्ही आजारांवर ते चालते आणि उशीर जिवावर बेतू शकतो. माकडतापावर खास औषध नाही, पण बाकीच्या दोहोंवर आहे. मग औषध थांबवायचे कशासाठी? वादात ती जिंकली. या एका वादापायी त्या मुलीने संशयित रुग्णाचे अंग डोक्यापासून पायापर्यंत का पाहायचे, हे जे पक्के केले, ते मी दहा व्याख्याने देऊनही झाले नसते. आपल्या पत्रलेखकांच्या तक्रारीवर, म्हणजे डॉक्टर हात लावत नाहीत या तक्रारीवर, मला तरी यापेक्षा चांगला उपाय दिसत नाही. “रुग्णाला नीट तपासा” असा उपदेश केल्याने कोणी तपासत नाही. तपासण्याचे कारण स्वतः शोधलेले असले की हात आपोआप पुढे जातो.

मग मी दुसरा कागद ठेवला. बाईचा ताप आठव्या दिवशी उतरला, प्लेटलेट वाढल्या, ती घरी गेली. सोळाव्या दिवशी पुन्हा ताप, भयंकर डोकेदुखी, हात कापतात, घरच्यांना ओळखत नाही. माकडतापात काही रुग्णांना मध्ये आठ-पंधरा दिवस बरे वाटून नंतर मेंदूशी संबंधित दुसरा टप्पा येतो, हे पुस्तकात त्यांनी वाचले होते. पण घरी सोडताना त्या बाईला ते कोणी सांगितले होते का, हा प्रश्न कागद समोर येईपर्यंत कोणालाच सुचला नव्हता.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत. या पद्धतीने शिकलेले विद्यार्थी लेखी परीक्षेत पुढे जातात, असे म्हणता येत नाही. १९९३ पासूनच्या आढाव्यांनी ते वारंवार दाखवले आहे. खुद्द मॅकमास्टरमध्ये परवाना परीक्षेचे निकाल घसरले, तेव्हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नियमित प्रगती चाचणी सुरू केली. उलट २००८ साली कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात, या पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांना पुढे व्यवसायात रुग्णाशी संवाद आणि अनिश्चिततेला सामोरे जाणे अशा बाबतींत फायदा होतो, असे दिसले. माझे म्हणणे असे की, ज्याला शरीररचनाही धड ठाऊक नाही अशा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे नुसती समस्या टाकणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला मांडवीत ढकलणे आहे. निवासी डॉक्टरला हात-पाय मारता येतात. त्याच्याकडे साडेपाच वर्षांचा साठा आहे, फक्त तो वेगवेगळ्या कपाटांत कुलूपबंद आहे. म्हणून ही पद्धत एमबीबीएसपेक्षा पदव्युत्तर शिक्षणाला अधिक शोभते. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. छत्तीस तासांची ड्युटी करून आलेल्या माणसाला समस्या सोडवायला बसवणे हा क्रूरपणा होईल. २०२४ साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कार्यदलाने निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांच्या वर जाऊ नये अशी शिफारस केली. तो आकडाही हलका नाही. तेव्हा हा तास ड्युटीच्या वर नको, ड्युटीच्या आत हवा. आठवड्यातून एक सेमिनार कमी करून त्या जागी पहिली बैठक आणि तीन-चार दिवसांनी एक जर्नल क्लब कमी करून दुसरी, एवढेच मी मागतो आहे. त्या तासाला कोणाचा फोन वाजणार नाही, वॉर्ड दुसरे युनिट सांभाळेल, हे विभागप्रमुखांनी लेखी द्यावे. तोंडी आश्वासनाची किंमत कोणत्याही रेसिडेंटला विचारा.

परीक्षेबद्दल लांबण लावत नाही. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकले जाते, आणि तोंडी परीक्षेत “तुला काय ठाऊक नाही आणि ते तू कुठे शोधशील?” असा प्रश्न अजून तरी माझ्या ऐकिवात नाही.

गोव्यापुरते एक सांगायचे आहे. १८४२ साली पणजीत पोर्तुगीजांनी वैद्यकीय शाळा काढली, तेव्हापासून या भूमीत डॉक्टर घडताहेत. वैद्यकीय शिक्षणाची एवढी जुनी परंपरा देशात थोड्याच ठिकाणी आहे. पण आमचे निवासी डॉक्टर ज्या समस्यांवर शिकतात, त्या बहुतेक परदेशी पुस्तकांतून उचललेल्या असतात. बोस्टनमधल्या बर्फात पाय घसरलेल्या म्हाताऱ्याची केस आमच्या मुलांना तोंडपाठ; पावसाळ्यात शेतात उभे राहिल्यावर पोटऱ्या दुखू लागलेल्या डिचोलीच्या शेतकऱ्याची कोणी लिहूनच ठेवलेली नाही. आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या व्यवस्थेत काम करणे सक्तीचे आहे. त्या काळात प्रत्येकाने स्वतः पाहिलेल्या रुग्णावरून, ओळख पटेल असा तपशील वगळून आणि रुग्णाचे शब्द त्याच्याच कोकणीत किंवा मराठीत ठेवून, एक समस्या लिहून आणावी. दोन-तीन वर्षांत अशा पाऊणशे समस्या सहज जमतील. मी अकरा लिहिल्या आहेत; कोणत्याही विभागाला हव्या असतील तर विनामूल्य देईन, फक्त अक्षर लावून घ्यावे लागेल.

त्या दुसऱ्या रविवारी निघताना मुलांनी आपणहून एक काम केले. घरी सोडताना रुग्णाच्या हाती द्यायच्या कागदावर खाली लिहिण्यासाठी दोन ओळी कोकणीत आणि मराठीत तयार केल्या: बरे वाटल्यावर महिन्याभरात पुन्हा ताप आला, डोके फार दुखू लागले किंवा माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर गावातल्या दुकानातून गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालयात या आणि हा कागद दाखवा. ‘महिन्याभरात’ लिहावे की ‘पंधरा दिवसांत’, यावर ती मंडळी फाटकापाशी उभी राहून आणखी वीस मिनिटे भांडत होती.

आपला,
एक निवृत्त डॉक्टर, फोंडा